एकच कोड, दोन घड्याळं

'कोड एकदा लिहा, सर्व्हरवरही तेच चालेल आणि ब्राउझरमध्येही तेच,' असं ज्याने कुणी आमच्या डोक्यात भरवलं ना, त्याने जन्मात कधी कुणाच्या साखरपुड्याची आमंत्रणं पाठवलेली नाहीत. पाठवली असती तर मैसूरमध्ये माझी अशी शोभा झाली नसती!

काय झालं, ऐका. मंदाकाकू माझ्या घरमालकीण. घरचा शिवणकामाचा धंदा, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरमध्येच. त्यांच्या श्रुतीचं लग्न टी. नरसीपूरच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्याच्या पत्रिका छापायला काकू निघाल्या आणि मी दारात आडवी!

"कागद कशाला वाया घालवायचा, काकू? मी करते ना!"

नुकतीच मला जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, सापडली होती. तारीख-वेळ सुंदर मराठीत लिहून देणारी आणि सर्व्हर, ब्राउझर दोन्हीकडे चालणारी. भेटेल त्याला मी तिचं कौतुक ऐकवत होते. दूधवाल्यालासुद्धा!

बेत सोपा होता. सर्व्हर सगळ्या पाहुण्यांना मेसेज पाठवणार, त्यात वेळ आणि खाली लिंक. लिंक उघडली की गुलाबी आमंत्रण. माझ्या फोनवर ते उघडून बघितलं: संध्याकाळी सात वाजता. झकास! मेसेज तपासला का? छे! कोड एकच, तर तपासायचं काय?

साखरपुड्याच्या सकाळी व्याह्यांचा फोन आला. काकू धावत माझ्याकडे.

"अय्यो गौरी, ते दीडला पोचतो म्हणतात! दुपारचं जेवण, ऊटा इथेच म्हणे. आचारी तर मी रात्रीच्या जेवणाला सांगितलाय."

"त्यांनी नीट वाचलं नसेल. हे बघा, सात!"

"वरुणा गावचे भावजीपण दीडच म्हणाले गं."

"मग त्यांनीही नीट वाचलं नाही."

"एकदा फोन करून सातला या म्हणू का?"

"सोयऱ्यांना वाचता येत नाही असं तोंडावर सांगणार? काकू, दोन्हीकडे एकच कोड आहे. फरक पडूच शकत नाही!"

बिचाऱ्या काकू! माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवून केसांना मेंदी लावून बसल्या.

दीडला दारात टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. काका बनियनवर, श्रुती पार्लरमध्ये, आणि गॅसवर फक्त आमच्यापुरता भात. मुलाच्या आत्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. अतिशय सुंदर मराठीत लिहिलं होतं: 'दुपारी दीड वाजता.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कोड एकच होता हो, पण वेळ विचारत होता जिथे चालेल तिथल्या घड्याळाला! फोनचं घड्याळ मैसूरचं. सर्व्हरचं मात्र ग्रिनिचचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लिंक उघडायची तसदी कोण घेतो? मेसेजमध्ये वेळ होती की!

व्याही पहिल्यांदा घरी आले आणि त्यांच्या पानात वाढायला काही नाही. काकूंचे डोळे भरून आले. मला वाटलं, मोडलं हे लग्न. आणि मोडलं कुणी? जावास्क्रिप्टने!

आत्याने काकूंकडे बघितलं, मेंदीकडे बघितलं आणि पदर खोचला.

"पर्वागिल्ल वो, काही बिघडत नाही, रडता कशाला? तांदूळ आहेत, लिंबं आहेत ना, अल्वा? चित्रान्न करू. ए पोरी, तू कांदा चीर!"

अर्ध्या तासात दोन्हीकडच्या बायका एकाच ओट्यावर. कुणी शेंगदाणे तळतंय, कुणी काकूंचे केस धुतंय. आजवर एकमेकांना 'अहो, तुम्ही' करणारी माणसं सातपर्यंत एकमेकांकडे घरच्यांच्या चुगल्या करायला लागली होती. अंगठ्या घालून झाल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले, ग्रिनिच समजावलं, सर्व्हर समजावला, हात जोडून माफी मागितली.

मुलाचे आजोबा सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग काकूंकडे वळून म्हणाले, "पोरगी गोड आहे हो. लग्नाला हिला नक्की बोलवा. वेळ मात्र तोंडी सांगा."