रेडिओला थापड मारू नये

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या मामावर, सत्त्याण्णव सालच्या पोळ्याला, भर दुपारी, सजवलेल्या बैलांसमोर. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेल्या या माणसाला थोरल्या मामांनी मंठ्याजवळच्या माझ्या आजोळी ओढून उठवलं आणि भावकीदेखत थापड मारली. "बैलं बी काम करून राह्यले, तू काय करून राह्यला?" भावकी हसली. एकालाही लाज वाटली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढे जालन्याच्या एका डॉक्टरांच्या औषधानं हळूहळू उठलेल्या या मामाइतका हट्टी रेडिओ-मेकॅनिक अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही. जालन्यात मस्तगडातल्या त्याच्या दुकानात पाटी होती : 'रेडिओला थापड मारू नये.' खरखरणाऱ्या सेटवर गिऱ्हाइकानं हात उगारला, की मामा तो हवेतच धरायचा. बंद पडलेल्या रेडिओलाही तो 'बंद' म्हणत नसे, 'गप बसलाय' म्हणे. अशात डॉक्टरांकडच्या एका मासिकात त्याला मेंदूचे रंगीत फोटो सापडले. किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून सोडतात, मेंदूत सिरोटोनिन नावाचं रसायन झेलणाऱ्या ज्या बारीक जागा, म्हणजे रिसेप्टर, असतात त्यांवर ते जाऊन बसतं, आणि यंत्र त्याचा फोटो काढतं. धडधाकट माणसांत लाल-पिवळा उजेड. नैराश्याच्या आजाऱ्यांत तोच उजेड जागोजागी मंद. ज्या दुःखाला आजोळच्या भावकीनं ढोंग म्हटलं, त्याचा पत्ता कुणीतरी शोधत होतं! मामानं मात्र 'रिसेप्टर'चं सरळ 'रिसेप्शन' केलं. "स्टेशन चालू हाय, सेट बराबर हाय, रिसेप्शन तेवढं कमजोर," हे तो टपरीपासून तेराव्यापर्यंत कुठंही ऐकवायचा. एका मावशीनं विचारलं, रिसेप्शन कोणाचं, आहेर काय न्यायचा? तिलाही त्यानं खिशातून मासिकातला कापून ठेवलेला फोटो काढून दाखवला. डॉक्टर बजावायचे की हे अजून संशोधन आहे, सगळ्यांना सारखंच दिसत नाही, एकट्यादुकट्याचा आजार यावरून ठरत नसतो. मामा "बिलकुल" म्हणायचा आणि फोटो पुन्हा खिशात.

त्या पोळ्यानंतर सात वर्षांनी थोरले मामाच भिंतीकडे तोंड करून पडले. खाणंपिणं सुटलं, जगून काय करायचं म्हणू लागले. धाकटा मामा निघाला तसा मीही गेलो. खरं सांगतो, मला सूड बघायचा होता. मामा जाऊन उशाशी बसला. खिशातला फोटो काही त्यानं काढला नाही. थोरले मामा भिंतीलाच म्हणाले, "मार. आता तुझी पाळी हाय."

"सेट बराबर हाय तुझा, दादा. चल, डॉक्टरकडं जाऊ."

"फोटो काढायला?"

"फोटो न्हाई लागत. मला तसंच दिसून राह्यलं."

मी मान खाली घातली.

आता रेडिओ कोणी दुरुस्त करत नाही. दुकान गेलं, पाटी माझ्या घरी आहे. तुमच्याही घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल. त्याच्याकडे पुरावा मागू नका. उगारलेला हात खाली घ्या, त्याच्याजवळ बसा आणि आजच त्याला डॉक्टरकडे न्या.