काळ्या कुसळांचा गहू

सर आज सकाळी गेले. मी घाटावर गेले नाही.

दुपारपासून फोनवर एकच फोटो फिरतोय. गव्हाची एक ओंबी, तिची काळी कुसळं, आणि ती धरलेला एक हात. खाली लिहिलंय, 'देशी वाणांचा राखणदार हरपला.'

तो हात माझा आहे.

त्या गव्हाचं काय झालं, ते एकदा लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपुरात गव्हाच्या एका संशोधन केंद्रावर मी नुकतीच लागले होते. सर तिथे माझे वरिष्ठ. त्याआधी कॉलेजात माझे शिक्षक.

माझी मावशी कुहीकडच्या एका गावात राहायची. तिच्या घरी पूर्वीपासून बन्सी गहू, बी दरवर्षी घरचंच. त्या वर्षी मावसभावाने सगळ्या वावरात नवीन बुटका गहू पेरला. मावशीकडे जुनं बी डबाभर उरलं. ते केंद्रावर पेरून जपायला मी मागितलं.

"ने वं बाई," ती म्हणाली. "पन जसं देऊन राहिली, तसंच वापस पायजे मले. माह्या शेवया त्याच्याच होतेत."

मी शब्द दिला. सरांना तो सांगितलाही.

डबाभरच बी, ते सगळं पेरलं. ओंब्या आल्या तेव्हा सर बांधावर उभे राहून हसले.

"हा प्लॉट आहे की इतवारीचा बाजार? कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी दाढीवालं."

"भेसळ काढू का, सर?"

"हात लावू नकोस. ही भेसळ नाही. हेच तर आपल्याला पाहिजे."

शेतीतले नसलेल्यांसाठी सांगते. गव्हाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे अशा मिश्र गव्हात प्रत्येक प्रकारचं झाड आपापला वंश चालवतं, शेजाऱ्यात फारसं मिसळत नाही. एक प्रकार उपटून टाकला, तर त्याचे गुण शेजारच्या झाडात शिल्लक राहतीलच असं नाही.

हे मला सरांनीच शिकवलं होतं.

मग हवा ढगाळली आणि गव्हावर तांबेरा रोग आला. आजूबाजूच्या एकसारख्या प्लॉटमध्ये पानाला हात लावला की बोटं नारिंगी व्हायची. मावशीच्या गव्हातलीही बरीच झाडं गेली.

काळ्या कुसळांची थोडी झाडं मात्र स्वच्छ हिरवी होती.

सरांनी त्यातली एक ओंबी मला धरायला सांगितली. न तोडता. आणि फोटो काढला.

"यांचं बी वेगळं ठेवू का, सर?"

"नको. सगळं एकत्र कापायचं. आपण निवडायला लागलो की बाकीचं संपतं. आज नकोसं दिसतं ते उद्या कशाला लागेल, आपल्याला काय माहीत?"

मी रजा काढली आणि एसटीने मावशीकडे गेले.

"मावशी, तुझा गहू पास झाला."

"फेल कधी होता वं?"

परत आले तेव्हा प्लॉट ओळखू आला नाही. सगळी झाडं एका उंचीची. सगळी कुसळं पांढरी.

रोगिंग झालं होतं. बियाण्याच्या प्लॉटमधली वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकायची, त्याला केंद्रावर रोगिंग म्हणतात. बियाणं शुद्ध ठेवायला ते लागतंच. फक्त या प्लॉटला ते करायचं नव्हतं.

शेतावर कामाला असलेल्या शांताबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साहेबानंच सांगतलं, ताई. उंच अन् काळं दिसन तेवढं उपटा म्हने. मी म्हनलं, ताईले येऊ द्या. तं म्हने, ताईले मी सांगतो."

झाडं बैलांपुढे गेली होती. दोन-चार बांधावर पडलेली सापडली. दाणा दाबून पाहिला.

दूध निघालं, अजून कच्चाच होता. पेरण्याजोगं काही नव्हतं.

सर केबिनमध्ये होते. "व्हिजिट होती ना. प्लॉट नेमका रस्त्याकडेला."

"सर, काळी कुसळं?"

"अगं, साहेब लोकांना बाजार आवडत नाही. त्यांना कामठीच्या लष्कराची परेड लागते." मग फाइल उघडत म्हणाले, "तुझ्या प्लॉटचं फार कौतुक झालं."

माहीत नसताना केलं असतं, तर मी विसरले असते.

कापणीनंतर उरलेला गहू मावशीला नेऊन दिला. झालं ते सगळं सांगितलं. तिने ओंजळभर सुपात घेतला, बोटांनी पसरला.

"त्यायले मालूम होतं ना, हे सगळं ठेवाचं हाय म्हनून?"

"होतं."

"मंग काहून?"

तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझं ताट वाढलं.

काही वर्षांनी देशी वाणांवर सरांचं भाषण होतं. पडद्यावर माझ्या हाताची स्लाइड आली.

"हा गहू आज नाही," सर म्हणाले. "शेतकऱ्यांनी नव्या बियाण्याच्या नादात तो टाकून दिला."

लोक हळहळले. मी समोरच बसले होते.

नंतर चहाच्या टेबलापाशी त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"स्लाइड स्पष्ट होती, सर."

त्यानंतर आम्ही एकाच इमारतीत काम केलं. नमस्कारापुरतं बोललो.

मावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. भाषणातलं ते वाक्य मी तिला कधी सांगितलं नाही.

फोटो पुढे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. तो गहू तिने टाकला नव्हता. शेवटचा डबा तिने सांभाळायला आमच्या हातात दिला होता.

सर, विविधता म्हणजे काय, हे मी आजही तुमच्याच शब्दांत शिकवते. ते शब्द खरे होते.

तुम्हाला निरोप देते. हा निरोप फक्त माझा आहे.

मावशीच्या वतीने मला तो देता येणार नाही.