पहिल्या रांगेतली आई

राहात्याजवळच्या एका शाळेत मी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. शिकवण्यापेक्षा भाषणं लिहूनच जास्त दमले. वक्तृत्व स्पर्धा आली की पालक वही घेऊन दारात हजर. भाषण मी लिहायचं, पोरानं पाठ करायचं, आणि अडकला तर पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या ओठांकडे बघायचं. सगळ्याच शाळा हे करतात, म्हणून कुणी कुणाला बोलत नाही. माझी मुलगी तर सहा वर्षांची असल्यापासून माझ्या ओठांवरून बोलत आली. कपाट भरेल एवढ्या ट्रॉफ्या आणल्या तिनं.

बारावीनंतर तिला बंगळुरूच्या एका विद्यापीठातच शिकायचं होतं, दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध लागायचा, तो आवडला तर ऑनलाइन मुलाखत. आठवडाभर खपून तिनं निबंध लिहिला आणि मला वाचायला दिला. शिर्डीच्या रस्त्याला आमच्या बागेसमोर पेरूचा स्टॉल आहे, शाळा सुटली की ती पप्पांबरोबर तिथं बसायची. साध्या, अडखळत्या इंग्रजीत तिनं लिहिलं होतं: वर्गातल्या कुणाची गाडी थांबली की मी क्रेटमागे लपते, आणि गाडी गेल्यावर पप्पांच्या तोंडाकडे बघवत नाही.

मला वाचूनच लाज वाटली. बाईंची पोरगी पेरू विकते आणि वर लपते, हे जगाला कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लाल पेन घेतलं आणि स्वल्पविराम दुरुस्त करता करता अख्खा निबंध नवा करून टाकला. त्यात ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर जाऊन मुलांना शिकवणारी एक जिद्दी मुलगी आली. कोप्यांवर एक हंगाम मी गेले होते. ही माझी पिशवी धरून दोनदा आली होती. म्हणजे अगदीच खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं.

मी नवरोबांना निबंध मराठीत करून ऐकवला.

“लई भारी लिव्हलंय,” ते म्हणाले. “पन ही कोनाची पोरगी हाय?”

मी ते हसण्यावारी नेलं. मुलीनं तोच निबंध अर्जाला जोडला. आईला जास्त कळतं, असं तिला तेव्हा वाटत असावं.

मुलाखतीच्या दिवशी मी लॅपटॉपच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, त्या मुलांपैकी एखाद्याबद्दल सांगशील? मुलगी अडकली. माझे ओठ हलायला लागले. खरं सांगते, मी ठरवून केलं नाही. तिनं सवयीनं मान वर केली, एक वाक्य उचललं, मग दुसरं. बाईंनी तिला थांबवलं. खोलीत आणखी कुणी आहे का, असं त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

“आई आहे,” ती म्हणाली. मग माझ्यावरची नजर काढून, “निबंधही तिनंच लिहिलाय.”

प्रवेश मिळाला नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. वर्षभर मुकाट्यानं एसटीनं श्रीरामपूरच्या कॉलेजला जातेय. मला मात्र कुणाचं भाषण लिहायला घेतलं की हात जड होतो.

यंदा ती पुन्हा अर्ज करतेय. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, “बघू का गं? नुसतं स्पेलिंग बघते.”

“नको आई. मी पप्पांना सांगून बघते.”

बाहेरच्या खोलीत ती त्यांना मराठीत सांगू लागली. तोच पेरूचा स्टॉल, तेच क्रेट. लपण्याचं आलं तेव्हा तिचा आवाज अडकला. माझे ओठ हलले, मी ते दातांखाली धरले.

“मला ठावं हाय ते,” हे म्हणाले. “म्हनून तर पुढं पुढं वळखीची गाडी लांबनं दिसली की तुला मागं बागंत पेरू आनायला धाडायचो.”

मग तिची बोटं लॅपटॉपवर चालू लागली. इकडे तव्यावरची पोळी करपत होती, आणि मी ती उलटायचंही विसरून तशीच उभी होते.