माझ्यानंतर बदललेली टोपी

"संदेश, माइकची टोपी बदल. नवीन लाव."

सर हे बोलले तेव्हा मी स्टुडिओत माइकसमोरच उभा होतो. कानाला हेडफोन. काचेपलीकडचं सगळं त्यातच येतं. त्यामुळे कानाला तोंड लावून बोलावं तसं ते आलं.

माइकवर स्पंजची काळी टोपी असते. बोलताना फू-फू येऊ नये म्हणून. सकाळपासून सगळ्यांना एकच टोपी होती. मालिकेत मालकीणबाई झालेली मृण्मयी त्याच टोपीसमोर बोलली. आजोबांचं काम करणारे काका बोलले, त्यांना तर सर्दी होती, टेकच्या मधेच सटासट शिंकले. मीही बोललो. कुणाला काही नाही.

मग जेवणाची सुट्टी झाली. पॅसेजमध्ये मामाचा फोन आला. मी म्हणालो, "जय भीम मामा. हा, जेवलो." मागे सर सिगारेट ओढत उभे. त्यांनी बघितलं. फक्त बघितलं.

दुपारी माझा पहिला टेक झाला, टोपी बदलली. मधे काका बोलून गेले, तेव्हा नाही. परत मी बोललो, परत बदलली.

काकांच्या शिंका चालल्या. माझा जय भीम नाही चालला.

मी लातूरकडचा. झेडपीची शाळा. गुण एकच, नकला. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, भाषणाआधी घसा खाकरणारा सरपंच, चालू होताना अडखळणारी पिठाची गिरणी. आता भोईवाड्यात मामाकडे राहतो, परळला कॉलेज. गॅदरिंगला नकला केल्या, सर पाहुणे होते. म्हणाले, दादरला स्टुडिओत ये. मोबाइलवर ऐकायची विनोदी मालिका आहे, गड्याचं काम देतो. आणि पैसे मिळणार! आईला फोन केला. आई म्हणाली, "आरं, ज्याच्यापायी मार खाल्लास त्याचेच पैसे देऊलालेत व्हय?" आणि खूप हसली. तिचं ते हसणं मी गड्याला देऊन टाकलं. म्हटलं, माणूस वाटेल.

सरांना माणूस नको होता.

"अजून गावठी कर."

"सर, हे गावचंच आहे."

"नाही रे. अजून खाली जा. तुमच्याकडे बोलतात तसं."

"आमच्याकडे म्हणजे?"

"कळलं तुला. चल, टेक."

टेक दिला. पोट भरून हसले सगळे. मीही हसलो. आणि लगेच हेडफोनमध्ये, संदेश, टोपी.

संध्याकाळी मी संदेशला गाठलं. मशिनवर बसणारा मुलगा, लालबागचा, माझ्याहून थोडा मोठा.

"भावा, हे सगळ्यांसाठी असतं का?"

तो वायर गुंडाळत राहिला. "सर बोलले, पोरगा तंबाखू खात असेल."

"मी सुपारी पण खात नाही. माझ्या तोंडाचा वास घेऊन बघ."

"ए, मला कशाला दाखवतोस? मला नोकरी आहे रे."

"तू बदललीस ना पण टोपी."

तो वायर खुंटीला अडकवून निघाला. मीही चालायला लागलो. परळपर्यंत चालत आलो. आवाज चालतो, श्वास चालत नाही. माझ्या आईचं हसणं विकायला चालतं, माझी थुंकी उडालेली चालत नाही. डोकं भणभणत होतं. मारावंसं वाटत होतं. पण मला मारता येत नाही, हडकुळा माणूस मी. मला एकच येतं.

मग पुढचे सगळे दिवस मी सरांना ऐकलं. दुसरं काही केलं नाही. ते वाक्याआधी जीभ टाळ्याला लावून एक "च्यक" करतात. "पॉइंट असा आहे" म्हणतात आणि पॉइंट येतच नाही. माणूस मोठा असेल तर आवाज नाकातून काढतात. छोटा असेल तर पोटातून. मामाच्या खोलीत आरशासमोर उभा राहून त्यांचं बोलणं बसवलं. मामी म्हणाली, "कोण आलंय रे बोलायला?"

शेवटच्या दिवशी मालिका विकत घेणारे कंपनीवाले ऐकायला आले. काचेपलीकडे ओळीने बसले. सरांचा आवाज एकदम नाकात गेला. साहेबाचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलेलं, त्यांची वाक्यं आधीच रेकॉर्ड झालेली. मला ती हेडफोनमध्ये ऐकून उत्तरं द्यायची होती. सीन काय, तर गड्याने साहेबाच्या कपातून चहा प्यायला. विनोदी सीन!

हेडफोनमध्ये साहेब ओरडला, "माझ्या कपाला तोंड लावलंस?"

मला म्हणायचं होतं, चुकलं मायबाप.

मी म्हणालो. पण सरांच्या आवाजात.

"च्यक. चुकलं मायबाप. पॉइंट असा आहे, मी पाया पडतो. संदेश, साहेबांच्या तोंडाला टोपी लाव. नवीन लाव. हा पोरगा फोनवर जय भीम म्हणाला, आपण याचा आवाज घेऊ, श्वास नको घेऊ."

कंपनीवाले आधी हसले. त्यांना वाटलं सरच बोलतायत. मग सरांचं बंद तोंड त्यांना दिसलं. हसणं तिथेच थांबलं.

"हे काय चाललंय?" सरांचा आवाज पोटातून आला.

"हे काय चाललंय?" मी पण पोटातून.

"बाहेर हो! या लाइनमध्ये तुला कोणी उभं करणार नाही."

"च्यक. या लाइनमध्ये तुला कोणी उभं करणार नाही."

कंपनीतल्या एक बाई फिसकन हसल्या. सरांचे कान लाल झाले. ते लाल कान माझी पहिली कमाई.

घरी सांगितलं. मामाने विचारलं, "हात उचलला नाहीस ना?"

"नाही."

"काम गेलं?"

"गेलं."

मामाने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "टोपीचं पहिल्या दिवशीच सांगायचंस."

मालिका आली. गडी दुसऱ्याच पोराने केलाय, माझा ऐकून ऐकून. आईचं हसणंसुद्धा उचललंय, वाकडं करून. कंपनीवाल्यांनी काही केलं नाही. सर आहेत तिथेच आहेत, त्यांना अजून हार घालतात.

घालू दे. मी आता गडी करत नाही, कंडक्टर करत नाही. मी फक्त सर करतो. कॉलेजात केले. भोईवाड्यात जयंतीला केले, लोक खुर्चीवरून खाली पडले. गिरगावात एका स्पर्धेत केले, तिथे परीक्षक सरांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी ओळखलं. बक्षीस नाही दिलं. पण ओळखलं.

नाव घेत नाही मी. गरज पडत नाही. जिथे माइक मिळेल तिथे त्यांना उभं करणार, त्यांच्या माणसांसमोर, त्यांच्या नाकासकट. त्यांना बघून लोकांना आधी माझी नक्कल आठवेल आणि हसू येईल, तिथपर्यंत करणार. एखाद दिवशी ते माफी मागायला येतील. कशी मागतील, नाकातून की पोटातून, तेही मी बसवून ठेवलंय. मागून झाली की तीही स्टेजवर करणार.

माफ करणार नाही.