हिरव्या साडीचा प्रयोग

आता ही फजिती सांगताना अजूनही कान गरम होतात, पण ऐकाच!

मी तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला नवाच लागलो होतो. डोक्यात एकच किडा: मला दिसतो तो रंग तुम्हालाही तसाच दिसतो, हे कशावरून? दुसऱ्याच्या जाणिवेत डोकावता येतं का? नाय! मग प्रयोग स्वतःवरच. रंगाकडं टक लावून बघायचं आणि आत काय होतं ते टिपायचं.

त्यात माझ्या बहिणीचं, सुलीचं, डोहाळजेवण ठरलं. आई म्हणाली, "गुलमंडीच्या बाजारातून हिरवी साडी आण. पैठणहून तिची सासू येणार हाय, नाक मुरडायला तिला निमित्तच लागतं."

युसुफभाईंच्या दुकानात एक साडी निवडली आणि तिच्यापुढं अर्धा तास ध्यान लावून बसलो.

"प्रोफेसरसाब, साडी लेना है क्या मन्नत मांगना है?"

"युसुफभाई, हा हिरवा तुम्हाला कसा दिसतो?"

"हिरवा? ये तो कत्थई है, कात जैसी!"

मी खूश! एका वाक्यात मुद्दा पकडला की यांनी! शेजारच्या गिऱ्हाईक बाईंना विचारलं. "विटकरी हाय," त्या म्हणाल्या. वा! अख्खी गुलमंडी तत्त्वज्ञान बोलायला लागली! युसुफभाई दुसरी साडी पुढं सरकवत होते, हात जोडत होते. मी ऐकतोय कुठं?

घरी आईनं घडी उघडली आणि मटकन खालीच बसली.

"हिरवी सांगितली होती रे!"

"आई, तुझा हिरवा आणि माझा हिरवा…"

"मेल्या, पाव्हणे दारात आले!"

सुली रडायला लागली. सासूबाईंनी येऊन साडी उचलली.

तेवढ्यात सुलीचे सासरे, तात्या, मागून म्हणाले, "झ्याक! हिरवीगार हाय!"

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"अगं बाई, ह्यांच्यासारखाच हाय की हा! ह्यांना लाल-हिरव्यातलं कळत नाय. लग्नापासून एकट्याला कधी दुकानात पाठवलं नाय मी!"

सुलीही डोळे पुसत हसली. हुश्श! काय हायसं वाटलं म्हणता!

तसाच सायकलवर टांग टाकून दुकानात गेलो. युसुफभाईंनी हिरवी साडी आधीच बांधून ठेवली होती.

"मालूम था, आप आयेंगे."

दुसऱ्याला काय दिसतं ते कुणालाच कळत नाय, असं मी वर्गात टेबल बडवून सांगायचो. मला काय दिसतं ते गुलमंडीला अर्ध्या तासात कळलं होतं. कळायचं राहिलं होतं ते मला एकट्यालाच!