निरोपाच्या जेवणात शिजलेला अभ्यास

बारा वर्षांपूर्वी मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच अल्लड. चष्मा होता, पण तो चारचौघांत लावायचा नाही असा माझा नियम होता. लावला की म्हातारी दिसते, असं मला वाटायचं. न लावता कशी दिसत होते ते आरशात धड दिसत नव्हतं, म्हणून निभावलं.

त्या वर्षी चौलला आमच्या आळीत परदेशातली सहा मुलं-मुली चार महिने शिकायला आली होती. एकेका घरात एकेक. त्यांना शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा अलिबागहून यायच्या. आमच्या वाट्याला आलेली मुलगी उंच, शांत, आणि मराठी बोलायची ते इस्त्री करून घडी घातल्यासारखं. मी शेजारीच जेवायला बसलेली असताना विचारायची, "काकू, आपण मला थोडे मीठ देऊ शकाल का?"

"देईन हो," मी म्हणायचे. "या घरात इतक्या मानाने मला कोणी मीठ मागितलेलं नाही."

यावर सून आमटी वाढता वाढता नुसती माझ्याकडे बघायची.

मुलीचा अभ्यासाचा विषय होता वाल. आम्ही वाल खातो, त्यावर अभ्यास करतात हे आम्हाला नवीन होतं. ती सायकलवरून गावोगाव फिरली आणि पाच बायकांकडून पाच तऱ्हांचं घरचं बियाणं घेऊन आली. लाल, पांढरा, चपटा, काळ्या डोळ्याचा, आणि खाडीजवळच्या एका म्हातारीकडचा बारीक तपकिरी. म्हातारीने पेरणं सोडून दिलं होतं. तिच्या डब्याच्या तळाशी उरलेला वाल तिने सगळाच्या सगळा मुलीच्या ओंजळीत ओतला. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर पाच डबे उघडायचे, एकेका वालाची हकिगत सांगायची, बियाणं बाईंच्या हवाली करायचं, की अभ्यास पुरा. चार महिन्यांची सगळी मेहनत त्या पाच डब्यांत होती.

निरोपाचं जेवण कोणाकडे करायचं असं बाईंनी विचारलं, तेव्हा बाकीच्या घरांनी एकमेकांकडे बघेपर्यंत मी हो म्हणून मोकळी झाले होते. डिसेंबर होता, अंगणात मांडव टाकला की झालं. कोलंबी, तांदळाच्या भाकऱ्या, नारळीभात, आणि मुख्य म्हणजे वालाचं बिरडं. वीस माणसांचा बेत. पण मला तेव्हा बाजारात जो भेटेल त्याला "या हं शनिवारी" म्हणायची खोड होती. गुरुवारी संध्याकाळी सुनेने मोजलं तर माणसं पस्तीस झाली होती.

वाल भिजत घालायला मी उठले आणि घरचे कमी वाटले. फळीवर लहान लहान पाच डबे होते. उघडले, बोटांनी चाचपले, वालच. झाकणांवर काही चिठ्ठ्या होत्या, पण वाचायच्या तर चष्मा शोधायला हवा. मूठ-मूठ वाल ठेवून सून उगीच डबे अडवते, असं मनाशी म्हणत मी पाचही डबे पातेल्यात रिकामे केले.

शनिवारी सकाळी मोड आलेले वाल घेऊन आम्ही दोघी सोलायला बसलो. थोड्या वेळाने सुनेचा हात थांबला.

"आई, हे वाल एका घरचे दिसत नाहीत."

"बाजारातले असतील."

"बाजारातून आणले कोणी?"

तिच्या तळहातावर एक लाल साल होती, एक तपकिरी. पुढचं तिला सांगावं लागलं नाही, आणि मलाही. मुलगी तेव्हा बाहेर ओसरीवर बसून आपलं बोलणं पाठ करत होती. खरं म्हणजे मी त्याच वेळी उठून तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं, तर पेरणीसाठी बाजूला ठेवलेल्या आमच्या पोत्यातले वाल पाचही डब्यांत भरले आणि चिठ्ठ्या लावलेली झाकणं नीट बसवली. पाच डबे, एकच पोतं. जेवणाच्या गडबडीत कोण निरखून बघतंय, असा माझा हिशेब. एवढी हुशारी मी शाळेत दाखवली असती तर निदान मॅट्रिक तरी झाले असते.

चार वाजता माणसं जमली. बाई पुढे बसल्या. मुलीने साडी नेसली होती. वाल देणाऱ्या पाचही बायकांना तिने स्वतः जाऊन बोलावलं होतं, हे मला त्या मांडवात आल्यावर कळलं.

तिने पहिला डबा उघडला, आत बघितलं आणि बोलता बोलता थांबली. दुसरा उघडला. मग उरलेले तिन्ही भराभर उघडले.

"ह्यो माजा न्हाय," पहिलीच बाई म्हणाली. "माजा लाल व्हता."

"माजाबी न्हाय."

"उंदरांनी नेला वाटतं," तिसरी म्हणाली.

"आन् जाताना दुसरा भरून ठेवला?" चौथीने विचारलं.

सुनेचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. सून हातात पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभी होती आणि मी काय बोलते याची अगदी शांतपणे वाट बघत होती. मुलगीही माझ्याकडे बघायला लागली.

"काकू," ती म्हणाली, "वाल कुठे आहेत?"

"चुलीवर आहेत," मी म्हटलं. "मी शिजवले. आणि हे डबे मीच भरले."

पस्तीस माणसांत कोणीतरी हसलं. मुलगी हसली नाही. खाली बसली आणि डब्यांची झाकणं एकेक करून लावत राहिली. तिने रागाने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, इतकं ते हळू चाललं होतं.

मग बायकाच उठल्या. बियाण्याचा वाल कोणी सगळा देऊन टाकत नाही, राखेत घालून घरी ठेवलेला असतो. चौघींनी कोणाला मोटरसायकलवरून, कोणाला चालत आपापल्या घरी पाठवलं, आणि तासाभरात चार डबे खरे भरले. राहिली म्हातारी. ती जागची हलली नाही.

"माज्याकडं आता काय न्हाय गो," ती मुलीला म्हणाली. "व्हता तो तुला दिला."

तेव्हा सून म्हणाली, "आई, गणंग कुठे टाकलेत?"

कितीही भिजवा, काही दाणे दगडासारखे राहतात, फुगत नाहीत की मोड काढत नाहीत. ते गणंग. सोलताना ते बाजूला काढायचे, नाहीतर दाताखाली येतात. सकाळी मी ते सालींसकट मागीलदारी केळीच्या बुंध्याशी फेकले होते. मुलगी साडी खोचून तिथे बसली. मीही बसले, गुडघे कुरकुरत असताना. कोंबड्या आधीच येऊन गेल्या होत्या. चिखलातून दाणे वेचून आम्ही परातीत टाकत गेलो. बहुतेक आमचेच निघाले. तपकिरी निघाले सात.

म्हातारीने एक दाणा दातांनी दाबून बघितला.

"ह्योच," ती म्हणाली. "लई हट्टी. जरा घासून लावला तं उगवंल."

मुलीने पाचवा डबा पुढे ओढला, त्यात दोन दाणे ठेवले आणि बाईंना सगळी हकिगत सांगितली. कोणता वाल कोणाचा, कोणत्या शेतातला, आणि पाचव्याचे दोनच का, हेसुद्धा. माझं नाव घेताना तिने "या घरातील आदरणीय काकू" असं म्हटलं. मांडवात हशा पिकला, पण ती चेष्टा करत होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

बाकीचे पाच दाणे ती म्हातारीला द्यायला गेली.

"मी कुटं पेरतंय आता," म्हातारी म्हणाली. "हिची वाडी हाय. हिच्याकडं ठेव."

मुलीने दाण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चांगला वेळ घेऊन. आणि म्हातारीच्या पदराचं टोक धरून ते पाचही दाणे त्यात गच्च बांधले.

मी बिरडं वाढायला उठले.