वाघमारे सरांच्या मोज्यांचं माप

आमच्या सोनपेठच्या शाळेत स्टाफरूमला खुर्च्या चार आणि मास्तर सहा. म्हणजे दोघं कायम उभे. उभा माणूस गप्प राहत नाही, त्यामुळे तीन वर्षांत माझ्याकडं किस्से साचले ते साचलेच. त्यातले निम्मे वाघमारे सरांचे. सर भूगोल शिकवायचे, आणि खुर्ची रिकामी असली तरी उभेच.

*

पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून सरांच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. परभणीचे डॉक्टर म्हणाले, "शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्यात, रक्त खालीच साचतं. घट्ट रबरी मोजे घाला, नाहीतर पुढं जखमा होतील." मी नवीनच लागलेला बी.एस्सी., ऐकूनच घाबरलो. सरांनी मात्र पँट वर करून शिपाई शेखमामूंना पोटरी दाखवली.

"मामू, ही गोदावरी. आन् हितं बघा, पूर्णा मिळाली."

मामू म्हणाले, "पूर कधी उतरायचा, सर?"

*

असे मोजे परभणीत मिळेनात. सरांची एकुलती एक मुलगी, सुमन, हैदराबादला नर्स होती. बायको वारल्यापासून घरात सर एकटेच, आणि सुमनला दोन वर्षांत रजा मिळाली नव्हती. तिनं लिहिलं, "सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पाय मोजा आणि लगेच कळवा."

सरांनी कार्ड टाकलं, "मोजले. दोन आहेत."

उत्तर चार पानी आलं, सगळं रागाचं. सरांनी ते आठ दिवस खिशात बाळगलं.

*

पहिली जोडी आली ती दुसऱ्या तासालाच घोट्यावर गोळा. पोरं हसायला लागली. मी चिडलो.

"सर, तुम्ही माप संध्याकाळी घेतलंत. तेव्हा पाय सुजलेला असतो."

"सकाळी टेप सापडत न्हाई रे."

दुसरी जोडी इतकी आवळ की मी आणि मामूंनी पावडर लावून ओढली, तरी टाचेच्या पुढं जाईना. मामू घाम पुसत म्हणाले, "बैलाला नाल मारणं सोपं हाय."

*

मधल्या सुट्टीत मी हट्टानं सरांना पाय टेबलावर ठेवायला लावायचो. एक दिवस नेमके तपासणीचे साहेब आत आले.

"मास्तर, पाय कुणाकडं करून बसलात?"

"आग्नेयेला, साहेब. हैदराबादकडं."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं. दिशा बरोबर होती.

*

त्यानंतर सुमनचं पत्र आलं. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. "बाबा, आता तिसऱ्यांदा चुकलं, तर रजा मिळो न मिळो, मीच टेप घेऊन येते." वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

माझं लक्ष त्यांच्या पायाकडं. घोट्याजवळची कातडी काळी पडायला लागली होती, आणि मला धीर कुठला? म्हटलं, तिला एवढ्या लांबून कशाला त्रास! दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी टेप घेऊन सरांच्या दारात. ते अंथरुणात असतानाच घोटा, पोटरी, मांडी, सगळी मापं घेतली आणि पत्रही मीच लिहिलं.

सर म्हणाले, "दे हिकडं, मी टाकतो टपालात."

मी दिलं नाही. स्वतः जाऊन टाकलं.

पार्सल आलं. मोजे कातड्यासारखे बसले. चार तास झाले, एक सुरकुती नाही. मी एकदम खूश.

"कसं वाटतंय, सर?"

"लय हलकं वाटायलंय."

खिडकीसमोर परळीची एसटी येऊन थांबली. हैदराबादहून येणारं माणूस याच गाडीनं येतं. शेवटची म्हातारी गाठोडं घेऊन उतरेपर्यंत सर खिडकीत उभे होते. मग माझ्याकडं वळले.

"पंचवीस वर्षं पोरांना नकाशाची मापं शिकवायलोय मी. मला पायाचं माप घेता येत न्हाई, असं वाटलं व्हतं का तुला?"